१४४०पी मॉनिटरला ८ जीबीचं कार्ड कमी पडतंय की दुसरंच काही?

ऐरोली_सेक्टर८
प्रोसेसर रायझन ५ ५६००जी, १६ जीबी रॅम, ग्राफिक्स कार्ड आरटीएक्स ४०६० (८ जीबी मेमरी). नवा मॉनिटर २७ इंची १४४०पी, जुना १०८०पी बाजूला लावलेला. गेम वीसेक मिनिटं ७० एफपीएसने (सेकंदाला ७० फ्रेम) छान चालतो, मग कॅमेरा वळवला की अडकतो आणि भिंतींवर चिखल फासल्यासारखी टेक्स्चर (पृष्ठभागावर चिकटवलेली चित्रं) दिसतात. रिझोल्यूशन १०८०पीवर आणूनही फार फरक नाही. १२ जीबीचं घ्यावं की १६? पुढे ४के टीव्हीला जोडायचंय.

वाघबीळ
रिझोल्यूशन उतरवून फरक पडला नाही, यातच उत्तर आलं, कार्डाची मेमरी टेक्स्चरनीच भरत असणार. ४केच्या एका फ्रेमचे ८२.९ लाख पिक्सेल, प्रत्येकी ४ बाइट धरले तर ३३ एमबी. १४४०पीला तर १५सुद्धा भरत नाहीत. डेप्थ, लाइटिंग, मागची फ्रेम असे फ्रेमएवढे बरेच बफर गेम सांभाळतो, तरी खरी जागा खातात टेक्स्चर. ४०९६ बाय ४०९६चं एकच टेक्स्चर बीसी७ कॉम्प्रेशनने दाबूनही १६ एमबी, मिपमॅप (त्याच्याच लहान होत गेलेल्या प्रती) धरून २१च्या वर. अशी शेकड्यांनी असतात, आणि मॉनिटर लहान केला म्हणून ती फारशी आटत नाहीत.
टेक्स्चर अल्ट्रावरून हायवर आणा, २७ इंचावर फरक शोधावा लागेल. रे ट्रेसिंग (प्रकाशकिरणांचा हिशोब) बंद. एफपीएस वाढवायला फ्रेम जनरेशन (मधल्या फ्रेम कार्डानेच बनवणं) लावलं असेल तर तेही काढा, त्याला स्वतःची मेमरी लागते. भरलेल्या कार्डावर ते म्हणजे आगीत तेल.

कोपरीकर
आधी मोजा. टास्क मॅनेजर, परफॉर्मन्स, जीपीयू. तिथे डेडिकेटेड (कार्डाची स्वतःची मेमरी) आणि शेअर्ड (उसनी घेतलेली रॅम) असे दोन आकडे दिसतील. डेडिकेटेड काठोकाठ आणि अडकताना शेअर्ड चढत असेल, तर माल रॅममध्ये सांडतोय. आफ्टरबर्नर या कार्डावर नजर ठेवणाऱ्या ॲपचा नुसता मेमरी यूसेज बघून घाबरू नका, गेम गरजेपेक्षा जास्त अडवून ठेवतात.
तुमच्याकडे सांडणं जास्त बोचतं. कार्ड आणि बोर्ड जोडणाऱ्या पीसीआयई रस्त्याच्या ४०६०ला लेन आठच, आणि ५६००जी जुन्या पीसीआयई ३.० वरच चालतो, मदरबोर्ड ४.० चालवणारा बी५५० असला तरी. म्हणजे सेकंदाला जेमतेम ८ जीबी, कार्डाची स्वतःची मेमरी २७२ जीबीने पळते. थोडक्यात ठाण्याच्या गायमुख घाटातली कोंडी.
५६००जीचा एक फायदाही आहे. बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) इंटिग्रेटेड ग्राफिक्स, म्हणजे प्रोसेसरमधलंच ग्राफिक्स, चालू ठेवून जुना मॉनिटर मदरबोर्डच्या एचडीएमआयला लावा. क्रोमचं हार्डवेअर ॲक्सेलरेशन बंद करा. तेवढीच कार्डावरची जागा सुटते.

ऐरोली_सेक्टर८
अडकताना शेअर्ड १.९ जीबी. म्हणजे सांडतंयच. मग कार्ड?

वाघबीळ
नवीनच घ्यायचं तर १६. १२ जीबीचं आरटीएक्स ५०७० वेगाने सरस आहे आणि १४४०पीला पुरतं, पण ४के अधिक रे ट्रेसिंगला हात आखडावा लागेल. डीएलएसएस (लहान चित्र बनवून मोठं करणारी एनव्हिडियाची सोय) क्वालिटीवर ४केला आतून १४४०पीच रेंडर करतं, तरी मेमरी १४४०पीएवढी उतरत नाही, कारण टेक्स्चर ४केच्या हिशोबानेच येतात.
तुमच्या बोर्डाला आरएक्स ९०६० एक्सटी १६ जीबी बरं, त्याला लेन सोळा. आरटीएक्स ५०६० टीआयला आठच, पण १६ जीबीत सांडलंच नाही तर लेनचं एवढं मनावर घेऊ नका.
९०६० एक्सटी आणि ५०६० टीआय दोन्ही ८ आणि १६ जीबीत येतात, नाव तेच. वाशीत घ्या नाहीतर लॅमिंग्टन रोडला, बिलावर १६ जीबी लिहून घ्या आणि घरी जीपीयू-झेड या कार्डाची माहिती दाखवणाऱ्या ॲपमध्ये मेमरी साइझ बघा.

कोपरीकर
टेक्स्चर सेटिंग बदलल्यावर गेम पूर्ण बंद करून परत उघडा. बरेच गेम जुनी टेक्स्चर तोवर सोडत नाहीत, आणि माणूस म्हणतो काही फरकच पडला नाही.