स्वतःचा धंदा असणाऱ्याला आयुर्विमा खरंच लागतो का?

लेथवाला:
सरळ मुद्द्यावर येतो. नोकरीवाल्याने विमा काढला तर समजू शकतो, पण ज्याचा स्वतःचा धंदा आहे त्याने दरवर्षी प्रीमियम भरत बसण्यापेक्षा तेच पैसे धंद्यात घालावेत. मशीन घेतलं तर ते कमवून देतं. टर्म म्हणजे नुसता ठरलेल्या मुदतीचा विमा, तो विकणारे तर उघडच सांगतात की मुदत संपेपर्यंत जगलात तर काही मिळणार नाही, म्हणजे स्वतःच्या मरणावर सट्टा लावायचा आणि हरायची प्रार्थना करायची. माझ्यामागे धंदा आहेच की, बायको चालवेल नाहीतर विकेल.

खडूफळा:
बायको चालवेल हे तिला विचारलंय का 😀 जोक सोडा, पण एकट्याच्या धंद्यात माणूस गेला की उरतं काय ते बघा. मशीन घाईत विकायला काढलं की गिऱ्हाईक भाव पाडूनच मागतं. येणी निम्मी वहीत आणि निम्मी तुमच्या डोक्यात, ज्याच्याकडे बाकी आहे तो भेटायला येईल, फार वाईट झालं म्हणेल आणि बिलाचा विषय काढणार नाही. ज्यांचं आपण देणं लागतो ते मात्र बरोबर दारात. शिवाय एकट्याच्या नावावरच्या धंद्यात धंद्याचं कर्ज आणि तुमचं कर्ज वेगळं नसतंच, बँक तुम्ही मागे ठेवलेल्यातूनच वसूल करणार.
आणि सट्ट्याचं म्हणाल तर पूर्वी लोक खरंच परक्या माणसाच्या जिवावर पॉलिसी काढायचे, म्हणून तर इंग्लंडमध्ये 1774 साली कायदा करून ते बंद केलं. ज्याच्या जाण्याने आपलं आर्थिक नुकसान होतं त्याच्याच जिवाचा विमा. तुमच्या बायकोचं नुकसान होणार की नाही एवढंच सांगा.

लेथवाला:
बरं, कर्जापुरता काढा, ठीक. पण वर्षाच्या उत्पन्नाच्या 10-15 पट कव्हर, म्हणजे गेल्यावर घरच्यांना मिळणारी रक्कम, घ्या वगैरे जे सांगतात ते मला पटत नाही. आमच्याकडे उत्पन्न ठरलेलं असतं का? एक वर्ष बरं, दुसरं कोरडं.

सदाफुली:
माझा विम्याला विरोध नाही, 'बचत अधिक विमा'वाल्या पॉलिसीला आहे, आणि धंदेवाल्यांच्या गळ्यात नेमकी तीच मारतात. प्रीमियम मोठा, कव्हर बारकं, सुरुवातीच्या वर्षांत मोडायला गेलात तर भरल्यातलं फार थोडं हातात येतं. कोरड्या वर्षी हप्ता चुकला, सवलतीचे दिवस संपले की पॉलिसी लॅप्स. परत चालू करायची तर थकबाकी व्याजासकट भरा, वर तब्येतीचं पुन्हा लिहून द्या आणि मधल्या काळात शुगर निघालेली असली की बोंबला. त्यापेक्षा साधी टर्म घ्या, प्रीमियम कोरड्या वर्षीही झेपेल एवढाच ठेवा आणि सीझनचे पैसे हातात असतात तेव्हा वर्षाचा एकदम भरून मोकळे व्हा.

बिनपगारी:
सगळे मरणावरच का अडलेत? पाठीचं दुखणं घेऊन आठ महिने पडून राहिलात तर आयुर्विमा दमडी देत नाही, आणि आपल्याला पगारी रजाही नाही. पैसे कमी असतील तर आधी अपंगत्व आणि उत्पन्न बंद पडण्याचं कव्हर बघा, मग टर्म.

खडूफळा:
ते हवंच, पण टर्मच्या ऐवजी नाही. आणि एक गोष्ट कोणी बोलत नाहीये. कंपनी कव्हर ठरवताना तुमचं तोंडी उत्पन्न धरत नाही, मागच्या दोन-तीन वर्षांचे रिटर्न आणि हिशोब मागते. कर वाचवायला ज्याने दरवर्षी नफा चिमूटभर दाखवला त्याला मोठं कव्हर मागायला तोंड राहत नाही.

लेथवाला:
हे मात्र खरंय, गप्प बसतो. तरी माझं म्हणणं कायम, कर्ज फिटलं आणि मुलं कमवायला लागली की प्रीमियम बंद.

सदाफुली:
मग तेवढ्याच मुदतीची घ्या ना! टर्म त्यासाठीच असते, शंभरीपर्यंतची घ्या असं कोण म्हणतंय.

बिनपगारी:
माझ्या फर्ममध्ये पार्टनर आहे. आम्ही एकमेकांवर पॉलिसी घ्यायचा विचार करतोय, म्हणजे एक गेला तर त्या पैशातून दुसरा त्याच्या घरच्यांचा हिस्सा विकत घेईल आणि धंदा मोडावा लागणार नाही. अडचण एवढीच की तो सिगारेट ओढतो, त्याच्या जिवावरचा प्रीमियम जास्त येणार आणि या हिशोबाने तो भरायचा मी!

खडूफळा:
दोन्ही प्रीमियम एकत्र करून निम्मे निम्मे भरा. पण आधी हिस्स्याची किंमत कशी धरायची ते करारात लिहून काढा, नाहीतर पैसे येऊनही भांडण होईल. आणि सिगारेट फॉर्मवर लिहायला लावा हां, लपवलेलं क्लेमच्या वेळी बाहेर येतं.