गरीब देशांना मदत हवी की न्याय?

घाटमाथा
श्रीमंत देश गरीब देशांचं काय देणं लागतात, हा विषय निघाला की गाडी लगेच देणगीवर येते. याचं बरंचसं श्रेय तत्त्वज्ञ पीटर सिंगरला. १९७१ मध्ये पूर्व बंगालचे निर्वासित मरत होते, तेव्हा त्याने विचारलं: तळ्यात पोर बुडताना दिसलं तर कपडे खराब होतील म्हणून तुम्ही थांबाल का? मग पोर हजारो मैल लांब असलं तर काय फरक पडतो? बिनतोड आहे. फक्त पोर तळ्यात पडलं कसं, हे तो विचारत नाही.

थॉमस पोगे हा दुसरा तत्त्वज्ञ नेमकं तेच विचारतो. त्याच्या मते श्रीमंत देश नुसते काठावर उभे नाहीत. गरिबी टिकवणारे नियम त्यांनीच आपल्या सोयीने लिहिलेत. म्हणून पहिलं कर्तव्य इजा थांबवायचं, देण्याघेण्याचं नंतर.

एड्सची औषधं घ्या. २००० च्या आसपास तीन औषधांच्या उपचाराला माणशी वर्षाला १० ते १५ हजार डॉलर लागायचे. फेब्रुवारी २००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीने तोच उपचार ३५० डॉलरला देऊ केला. जमलं कसं? आपल्या १९७० च्या कायद्यात औषधावर पेटंट मिळत नव्हतं, ते बनवायच्या पद्धतीवर मिळायचं; म्हणून तेच औषध वेगळ्या पद्धतीने बनवायला मोकळीक होती. त्याच सुमारास ३९ औषध कंपन्यांनी दक्षिण आफ्रिकेच्या सरकारला प्रिटोरियाच्या कोर्टात खेचलं होतं. गुन्हा काय, तर स्वस्त औषधं आणता यावीत असा कायदा केला. (जगभर छी-थू झाल्यावर एप्रिल २००१ मध्ये खटला मागे.) आता यात दानशूर माणसाने काय करायचं? दहा हजारांची औषधं घेऊन वाटायची? ती साडेतीनशेला मिळू नयेत असा नियम कुणी केला, हा न्यायाचा प्रश्न आहे.

तिरपागडा
मांडणी झकास, पण गोष्ट अर्धीच सांगितलीत. उरलेली मी सांगतो.

नेविरापिन नावाचं एड्सवरचं औषध आहे. बाळंतपणाच्या वेळी आईला एक गोळी, जन्मल्यावर बाळाला एक मात्रा, आणि आईकडून बाळाला लागण व्हायचा धोका बराच कमी. २००० साली उत्पादक कंपनीने ते गरीब देशांना पाच वर्षं फुकट देऊ केलं. फुकट! दक्षिण आफ्रिकेच्या सरकारने प्रत्येक प्रांतात दोन ठिकाणी 'प्रयोग' म्हणून ते ठेवलं, बाकी सरकारी दवाखान्यांत मनाई. कारण अध्यक्ष थाबो एम्बेकी यांना एचआयव्हीमुळे एड्स होतो हेच पटत नव्हतं. शेवटी जुलै २००२ मध्ये तिथल्या घटना न्यायालयाने सरकारचा कान धरला. या सगळ्या दिरंगाईत ३ लाख ३० हजारांहून जास्त जीव गेले, असा अंदाज हार्वर्डच्या अभ्यासकांनी २००८ मध्ये काढला. शेजारच्या बोट्स्वानाने मात्र २००२ मध्येच फुकट उपचार सुरू केले होते. साथ तीच, जागतिक नियम तेच.

तत्त्वज्ञ जॉन रॉल्सने १९९९ मध्ये हेच मांडलंय. देशाचं बरंवाईट मुख्यतः त्याच्या राजकीय संस्कृतीवर ठरतं. जपानकडे खनिजं नाहीत तरी तो श्रीमंत. अर्जेंटिनाकडे भरपूर आहे तरी रडगाणं चालूच. तेव्हा धड संस्था उभ्या राहीपर्यंत मदत करा, पुढे ज्याचं त्याने बघावं.

जास्वंद
आणि त्या बिघडलेल्या संस्थांना पैसा कोण पुरवतं? सानी अबाचा १९९३ मध्ये नायजेरियाची सत्ता बळकावून बसला. त्याने तेल विकलं आणि घेणारे कायदेशीर मालक झाले. माझ्या घरात घुसून कुणी भांडीकुंडी विकली तर घेणारा मालक ठरत नाही, देश विकला की ठरतो! लुटीचा पैसा युरोपातल्या बँकांत. त्यातले ३२ कोटी डॉलर परत द्यायचा करार झाला २०१७ मध्ये, अबाचा मेल्यावर १९ वर्षांनी. याला 'त्यांची राजकीय संस्कृती' म्हणायचं?

तिरपागडा
अबाचाचं मान्य. एम्बेकी निवडून आले होते, त्यांचं काय?

लेखनकामाठी
सगळ्यांची बोटं अमेरिका-युरोपकडे, म्हणून जरा घरचं बघू. ऑक्टोबर २०२० मध्ये भारत आणि दक्षिण आफ्रिकेनेच कोविडपुरतं पेटंट बाजूला ठेवा अशी मागणी केली. छान. पण मार्च २०२१ मध्ये दुसरी लाट आली आणि आपण पुण्यात बनणाऱ्या लसीची निर्यात थांबवली. गरीब देशांना लस पुरवणारी कोव्हॅक्स योजना बरीचशी त्या लसीवरच उभी होती. घाना, केनियात पहिला डोस घेतलेले लोक दुसऱ्यासाठी ताटकळले.

त्या एप्रिलमध्ये मी मामांसाठी ऑक्सिजनचा बेड शोधत रात्री-बेरात्री फोन लावत होतो. तेव्हा कुणी आफ्रिकेबद्दलच्या न्यायाचं बोललं असतं तर मी फोन आपटला असता, आणि आजही आपटेन. तत्त्वज्ञ थॉमस नेगेल म्हणतो ते मला पटतं: न्याय एका सरकारखाली नांदणाऱ्यांचा आपसातला, बाहेरच्यांशी माणुसकीने वागायचं, तेवढं पुरे.

घाटमाथा
@तिरपागडा, एम्बेकी दोषी आहेतच. म्हणून ३९ कंपन्या सुटत नाहीत.

@लेखनकामाठी, तुमच्या जागी मीही फोन आपटला असता. पण पुण्यातून निर्यात थांबली की घाना थांबतो, ही व्यवस्था कुणी केली? चार ठिकाणी कारखाने असते तर तुमचे मामा आणि घानातला माणूस यांच्यात निवड करायची वेळच आली नसती. आणि नेगेलबद्दल: व्यापार करार हे राजीखुशीचे सौदे, त्यात सरकारसारखी सक्ती नसते, म्हणून तिथे न्यायाची भाषा लागू नाही, असं तो म्हणतो. २००५ मध्ये आपण पेटंट कायदा बदलून औषधावरच पेटंट द्यायला लागलो, ते काय हौसेने? जागतिक व्यापार संघटनेत राहायचं तर ते करणं भागच होतं.

तिरपागडा
कारखाने? कोविडची लस बनवणाऱ्या मॉडर्ना कंपनीने ऑक्टोबर २०२० मध्येच सांगितलं होतं की साथ असेपर्यंत पेटंटसाठी कुणाच्या मागे लागणार नाही. कुणी बनवली लस? कृती येत नसेल तर पेटंट उठवून काय उपयोग.

जास्वंद
दक्षिण आफ्रिकेत केप टाउनच्या आफ्रिजेन कंपनीने बनवली की. मॉडर्नाची मदत नसताना, जाहीर माहितीवरून, २०२२ च्या सुरुवातीला. प्रयोगशाळेपुरती, पण बनवली.

तिरपागडा
मग दक्षिण आफ्रिकेच्याच ॲस्पेन कंपनीचंही सांगा. २०२२ मध्ये त्यांना जॉन्सन अँड जॉन्सनची कोविडची लस स्वतःच्या नावाने विकायचा परवाना मिळाला. कारखाना तयार, माणसं तयार. काही महिने झाले तरी ऑर्डर एकही नाही. आफ्रिकी सरकारांनीसुद्धा दिली नाही.

जास्वंद
तोवर कोव्हॅक्समधून बाहेरच्या लसी फुकट येत होत्या ना! वर्षभर उशिरा आलेल्या, पण फुकट. दान असं येऊन पडल्यावर ॲस्पेनकडून विकत कोण घेणार?

लेखनकामाठी
म्हणजे लस आली नाही तर अन्याय, आणि आली तरी अन्यायच?

घाटमाथा
उशिरा आणि फुकट आली तर हो. त्या लसींची ऑर्डर ॲस्पेनला द्यायची, पैसे कोव्हॅक्सने भरायचे. एवढं करायला काय हरकत होती?