गरोदरपणात फिटची गोळी, मुलाला ऑटिझम – दुसऱ्या बाळाआधी सल्ला हवा आहे

नमस्कार मंडळी. जरा लांबलचक होईल, सांभाळून घ्या.

वय ३१, राहणार सांगली. शाळेत असल्यापासून मला अपस्मार आहे, त्यातला जेएमई (ज्युव्हेनाइल मायोक्लोनिक एपिलेप्सी) हा प्रकार. सकाळी उठल्या उठल्या हातांना झटके यायचे. चहाचा कप हातातून उडून भिंतीवर जायचा आणि आईला वाटायचं, पोरगी रागाने फेकतेय. सोडियम व्हॅल्प्रोएट सुरू झालं आणि झटके, फिट सगळं थांबलं. पहिल्या वेळी दिवस राहिले तेव्हाही तीच गोळी होती, रोज हजार मिलिग्रॅम. स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणाल्या, "न्यूरोवाल्यांनी दिलीय ना, मग चालू ठेवा." न्यूरोवाले म्हणाले, "सोनोग्राफी नॉर्मल आहे ना, मग काळजी नको." दोघांपैकी कोणीच दुसऱ्याला फोन लावला नाही.

मुलगा मार्च २०२३ चा. मणका, हृदय सगळं ठणठणीत. पण दीड वर्षाचा झाला तरी हाकेला बघेना, बोट दाखवून काही मागेना. पाणी हवं असलं की माझं मनगट धरून माठापाशी नेतो आणि माझा हात तांब्यावर ठेवतो, तोंडाकडे मात्र बघत नाही. ऑटिझमचं निदान झालंय, ओटी (ऑक्युपेशनल थेरपी) आणि स्पीच थेरपी सुरू आहे. ते मार्गी लागलंय.

घरात मात्र कारणांचा बाजार भरलाय. सासूबाईंच्या मते २५ ऑक्टोबर २०२२ ला, दिवाळीतल्या त्या ग्रहणात मी भाजी चिरली. आत्याबाईंच्या मते मोबाइल. सप्टेंबर २०२५ मध्ये ट्रम्पसाहेब पॅरासिटामॉलवर बोलले, तेव्हापासून दिरांचे फॉरवर्ड थांबलेले नाहीत. मी रोज घेत होते त्या गोळीचं नाव कोणी काढत नाही, कारण ती डॉक्टरांनी दिलेली!

म्हणून मीच वाचायला बसले. डेन्मार्कमधल्या साडेसहा लाखांवर मुलांचा अभ्यास २०१३ मध्ये आला होता. एकूण मुलांत ऑटिझमचं प्रमाण दीड टक्क्याच्या आसपास, आणि पोटात असताना व्हॅल्प्रोएट मिळालेल्यांत ४.४ टक्के. तेव्हापासून झोप उडालीय. आम्हाला दुसरं मूल हवंय. मग गोळी बदलायची का? जेएमई असताना बदलून कोणाचं निभावलंय? आणि गोळी बदलली तर दुसऱ्या बाळाला धोका उरत नाही, असं धरून चालायचं का?

रानजाई
ताई, सगळ्या केमिकलच्या गोळ्या आधी बंद करा. माझ्या मावसबहिणीने काढा घेऊन…

जुना_स्टेथोस्कोप
रानजाई, इथेच थांबा. फिटची गोळी एकाएकी बंद केली तर लागोपाठ फिट येऊन आईचा जीव जाऊ शकतो, बाळाचाही. असले सल्ले कृपा करून इथे देऊ नका.

ताई, मी बालरोगात आहे, न्यूरोत नाही, तेव्हा त्या बेताने घ्या. व्हॅल्प्रोएटचा धोका खरा आहे आणि डोस वाढतो तसा तोही वाढतो. ब्रिटनमध्ये २०१८ पासून मूल होऊ शकेल अशा वयाच्या बाईला गर्भनिरोधनाची पक्की सोय असल्याशिवाय ही गोळी देत नाहीत. पण ४.४ टक्के म्हणजे शंभरातल्या पंचाण्णवांहून जास्त मुलांना ऑटिझम झाला नाही, हेही बघा. तुमच्या मुलाचं कारण तीच गोळी, असं कोणीही छातीठोक सांगू शकत नाही. ऑटिझममध्ये आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो. म्हणूनच तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असं आहे. एका मुलाला ऑटिझम असला की पाठच्या भावंडाला तो असण्याची शक्यता साधारण पाचात एक धरतात, गोळी असो वा नसो. दुसरं बाळ झालं तर त्याच्याकडे पहिल्या वर्षापासून बारीक लक्ष ठेवा.

पॅरासिटामॉलचं म्हणाल तर स्वीडनमध्ये जवळपास २५ लाख मुलांचा अभ्यास २०२४ मध्ये आला. सख्ख्या भावंडांची आपसांत तुलना केली तेव्हा संबंध दिसेनासा झाला. ताप अंगावर काढू नका. ग्रहणाबद्दल काय बोलणार!

कोकणकडा
आमच्या हिलाही जेएमई. दिवस राहण्याच्या वर्षभर आधी व्हॅल्प्रोएटवरून लेव्हेटिरासिटॅमवर आणलं, एक वाढवत दुसरी कमी करत. झटके आटोक्यात राहिले, पण पहिले काही महिने चिडचिड इतकी की भांडी आपटायची. ती पुढे निवळली. लॅमोट्रिजिन सुचवलं होतं, पण जेएमईत त्याने काहींचे झटके वाढतात म्हणून टाळलं. सोबत फॉलिक ॲसिड पाच मिलिग्रॅम, आधीपासूनच. मुलगी आता पहिलीत आहे.

जुना_स्टेथोस्कोप
बरोबर, 'आधीपासून' हेच महत्त्वाचं. बाळाचा मणका गर्भ राहिल्यापासून पहिल्या चार आठवड्यांत मिटतो, म्हणजे पाळी चुकल्याचं कळतं न कळतं तोवर. नंतर गोळी बदलून त्या बाबतीत फारसा उपयोग नाही. तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत अपस्मार असलेल्या गरोदर बायकांची नोंदवही १९९८ पासून चालू आहे. तिथली माहिती भारतीय बायकांची आहे, तुमच्या न्यूरोवाल्यांना त्याबद्दल जरूर विचारा. गोळी बदलून निदान काही महिने फिटविना जाऊ द्या, मगच पुढचं ठरवा. आणि दोन्ही डॉक्टरांना एकमेकांच्या नावाने चिठ्ठी लिहायला लावा, तुम्ही निरोप्या होऊ नका.

(धागाकर्ती)
सगळ्यांचे आभार. कोकणकडा, गोळी बदलताना वहिनींची नोकरी चालू होती का? माझी बँकेत सकाळची ड्युटी असते आणि झटके नेमके त्याच वेळी यायचे. सुट्टी किती टाकावी लागेल याचा अंदाज हवा आहे.

कोकणकडा
चालू होती. तेवढे महिने तिने उशिराची शिफ्ट मागून घेतली आणि रात्रीची झोप काही झालं तरी मोडली नाही. जेएमईत जागरण झालं की झटके आलेच. तुमच्याकडे मुलगा रात्री उठतो का? उठत असेल तर त्याचं रात्रीचं सगळं नवऱ्याकडे द्या, गोळी बदलायच्या आधीच.