पहिलीतल्या मुलीला वर्षानुवर्षं साथ द्यायची आहे, सल्ला हवा

पारिजात (पुणे):
आमच्याकडे धुणंभांडी करायला येणाऱ्या ताईंची मुलगी जूनमध्ये पहिलीत गेली. वडील दीड वर्षापूर्वी वारले. वह्या-पुस्तकं मी घेऊन देतेच, पण तेवढ्याने भागत नाही असं वाटतं. दर शनिवारी दोन तास तिला द्यायची तयारी आहे, अगदी दहावीपर्यंत. हे नीट कसं करायचं? कुणाला अनुभव आहे का?

रानवाट:
मी वस्तीतल्या एका वर्गावर शिकवायला जायचे. पाच महिन्यांनी नोकरी बदलली आणि जाणं सुटलं. सात वर्षांचा एक मुलगा कायम मला चिकटून बसायचा. पुढे त्याची आई बाजारात भेटली. म्हणाली, "त्याला वाटलं, आपलं अक्षर वाईट म्हणून ताई यायच्या बंद झाल्या." निरोप घ्यायलासुद्धा मी गेले नव्हते. अजून सलतं ते.

म्हणून थोडंच कबूल करा, पण पाळा. दोन तास पुरतात, वार आणि वेळ मात्र ठरलेली हवी. गावाला जाणार असाल तर तिला आधी सांगा. आणि लगेच अभ्यास काढून बसू नका. गोष्ट वाचून दाखवा, मटार सोलता सोलता गप्पा मारा, भाजी घ्यायला नेऊन सुट्टे पैसे मोजायला लावा.

दूरदेशी:
मी ओरेगनमध्ये राहतो. इथल्या पोर्टलंड शहरात १९९३ साली डंकन कॅम्पबेल यांनी 'फ्रेंड्स ऑफ द चिल्ड्रन' ही संस्था सुरू केली. त्यांचं स्वतःचं बालपण दारूच्या व्यसनात बुडालेल्या आईवडिलांच्या घरात गेलं होतं. ही संस्था साधारण पाच-सहा वर्षांची मुलं निवडते आणि बारावीपर्यंत सोडत नाही. सोबत करणारी माणसं पूर्णवेळ पगारी असतात, एकेकाकडे आठेक मुलं. पगार का, तर स्वयंसेवक आज आहे, उद्या नाही. मुलाने पुन्हा पुन्हा नवा माणूस का जोडायचा?

अमेरिकेतच किशोरवयीन मुलांवर झालेला एक अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. ज्यांची साथ वर्षभर किंवा जास्त टिकली त्यांना सर्वांत जास्त फायदा झाला. तीन महिन्यांच्या आत तुटली त्यांचा आत्मविश्वास उलट घटला. रानवाट यांचं म्हणणं मला फार पटलं.

जुना मास्तर:
पारिजात, एक विचारू? उद्या ताईंनी तुमचं काम सोडलं तर? साथ कामाशी बांधलेली असेल तर ती त्याच दिवशी संपेल. शिवाय मालकिणीला नाही म्हणणं अवघड असतं. आधी ताईंना स्पष्ट सांगा की कामाचा आणि याचा काही संबंध नाही, आणि त्यांना काय हवंय ते विचारा. मुलीसमोर आईला कधी कमी लेखू नका. भेटी घरात इतर माणसं असताना, दार उघडं ठेवून व्हाव्यात.

आणि वडील नाहीत, तर बालसंगोपन योजनेसाठी अर्ज केलाय का? दरमहा २,२५० रुपये मिळतात. जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात चौकशी करा. कागदपत्रं जमवताना ताईंबरोबर तुम्ही स्वतः जा, त्यांचा खाडा वाचेल.

पारिजात (पुणे):
मास्तर, हा विचार माझ्या डोक्यातही आला नव्हता. काल ताईंशी बोलले. काम सुटलं तरी मी येत राहीन असं सांगितल्यावर त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, शनिवार नको, त्या दिवशी पाणी उशिरा येतं आणि पोरगी भरायला मदत करते. तर रविवारी सकाळी दहा, त्यांच्याच घरी. कागदपत्रांसाठी सोमवारी सुट्टी टाकली आहे.

मोठ्या अक्षरांची, जोडाक्षरं नसलेली गोष्टीची पुस्तकं कुणाला माहीत असतील तर कळवा.