एफआरपीच्या शेडसाठी भाड्याने हीटर : कोणता घ्यावा?

जेलकोटवाला (भोसरी एमआयडीसी)

नमस्कार मंडळी. भोसरीत आमचं एफआरपीचं (काचतंतू आणि रेझिनचं, म्हणजे फायबरग्लासचं) छोटं युनिट आहे. सगळं हँड ले-अप, म्हणजे मोल्डवर हाताने थर चढवायचे, बसचे बंपर आणि डॅशबोर्ड. शेड ४० बाय २० मीटर, उंची ७, वर साधा पत्रा आणि माथ्याला हवा जायला रिज व्हेंटिलेटर. पुण्यात हीटर म्हटलं की लोक हसतात, पण डिसेंबर-जानेवारीत सकाळी आठला आत बारा-तेरा अंशच असतात. रेझिन काकवीसारखं घट्ट होतं, ब्रश ओढत नाही. जेलकोट (मोल्डवर मारायचा पहिला, चकाकीचा थर) अकरापर्यंत बोटाला चिकटतो. पोरं घाईत वर काचतंतूंची मॅट टाकतात आणि सुरकुत्या पडतात. परवा एका कस्टमरने अख्खा लॉट परत पाठवला, वर डेबिट नोट.

एक भाड्यावाला दोन डिझेल हॉट एअर ब्लोअर देतोय, डिझेल आपलं. दुसऱ्याकडे एलपीजीचा आहे, थेट ज्योतीचा, भाडं निम्मं. दोन-अडीच महिन्यांसाठी विकत कोण घेणार? कमी खर्चात काय बसेल? विजेचा सँक्शन लोड (मंजूर भार) ६५ एचपी, त्यात कॉम्प्रेसर आणि एक्झॉस्ट आलेच.

लॉनवाला

एलपीजीचाच घ्या की. आमच्याकडे लग्नाच्या लॉनवर थंडीत तेच लावतो. सिलिंडर बदलला की झालं.

जुना मेंटेनन्सवाला (चिंचवड)

लॉनवाले, तुमच्या लॉनला छप्पर नाही आणि पाहुण्यांच्या अंगाला रेझिनमधल्या स्टायरीनचा वास नसतो. जेलकोटवाले, हा सल्ला अजिबात घेऊ नका. स्टायरीनचा फ्लॅश पॉइंट (वाफ ठिणगीने पेट घेऊ शकते ते तापमान) ३१ अंश, आणि हवेत साधारण एक टक्का वाफ झाली की ती पेटण्याजोगी होते. ब्रश धुवायचं ॲसिटोन तर त्याहून वाईट. तिथे उघडी ज्योत म्हणजे विषय संपला. शिवाय एक किलो एलपीजी जळला की दीड किलोहून जास्त पाणी वाफ होऊन हवेत येतं. ते तुमच्या गार मोल्डवर बसणार आणि वरून तुम्ही जेलकोट मारणार.

आता डिझेलचं. तुमची शेड ५६०० घनमीटर. हवा तासाला तीनदा जरी बदलली (रिज व्हेंटिलेटर आणि उघडं शटर, म्हणजे बदलणारच), तरी दहा अंश वाढवायला ५५ किलोवॅट लागतात. वरचा पत्रा जवळपास तेवढीच उष्णता बाहेर टाकतो. म्हणजे शंभर किलोवॅट, तासाला सुमारे १२ लिटर डिझेल. लिटरला ९० धरले तरी हजार रुपये तासाला, आणि त्यातले बहुतेक व्हेंटिलेटरमधून कावळ्यांना. भाडं कितीही घासलंत तरी हा आकडा हलत नाही. सगळी शेड गरम करायचा विचारच सोडा.

एका कोपऱ्यात १० बाय ६, उंची ३ मीटरची खोली करा. जुने पॅनेल भंगारात मिळतात. पफ (फोम भरलेले) नको, पेटतो, रॉकवूलचे (दगडी लोकरीचे) बघा. अशा खोलीला चार-पाच किलोवॅट पुरतात, सकाळी गार मोल्ड चढवायला दुप्पट धरा. ब्लोअर बाहेर, तोही इनडायरेक्ट, म्हणजे धूर चिमणीतून वेगळा बाहेर सोडणारा, आणि नुसती गरम हवा डक्टने आत. आतले दिवे-स्विच फ्लेमप्रूफ (ठिणगी बाहेर न येणारे). ले-अप बाहेर एक्झॉस्टखालीच करा, जेल झाल्यावर (रेझिन थिजल्यावर) जॉब आत ढकला. वाफ सुटते ती मुख्यतः जेल होईपर्यंत, म्हणून आत थोड्या ताज्या हवेवर भागतं. नुसता जेलकोट मारलेले मोल्ड मात्र आधीपासून गरम हवेत ठेवावे लागतात, तिथे एक्झॉस्ट चालू ठेवा.

आणि रेझिनचे ड्रम! रात्रभर कोब्यावर उभे असतात ना? आदल्या दिवशीच लाकडी पॅलेटवर चढवून त्या खोलीत ठेवा. अर्धी तक्रार तिथेच मिटेल.

ऊर्जा ऑडिटवाली (कोथरूड)

वरच्या हिशेबाला एक जोड देते. डिझेल ब्लोअरची कार्यक्षमता ८५ टक्के धरली तर एक युनिट उष्णता दहा रुपयांच्या वर पडते. नुसत्या विजेच्या हीटरलाही साधारण तेवढेच. हॉट-अँड-कोल्ड डक्टेबल एसी (उलटा चालून डक्टने गरम हवाही देणारा) मात्र आपल्या थंडीत विजेच्या एका युनिटला तीन युनिट उष्णता देतो, कारण बाहेर बारा अंश त्याला फारच सोपे आहेत. तेवढ्या खोलीला तीन किलोवॅटच्या आसपास वीज पुरेल, तुमच्या लोडमध्ये बसते. एसी भाड्याने देणारे पुष्कळ आहेत आणि हिवाळ्यात त्यांचा माल पडूनच असतो, तेव्हा भाव पाडा. मशीन खोलीबाहेर, आत फक्त डक्ट. स्टायरीनची हवा परत मशीनमध्ये ओढू नका, बाहेरची ताजी घ्या. चिंचवडच्या थरमॅक्सची उष्णता युनिटवर विकणारी वेगळी कंपनी आहे, प्लँट त्यांचा, तुम्ही वाफेचे पैसे भरायचे. पण तो टनांत वाफ लागणाऱ्यांचा मामला, तुमचा नव्हे.

जेलकोटवाला

ताई, काका, आभार. कोपऱ्यात रद्दी मोल्ड पडलेत, ते शनिवारी उचलतो. पण तोवर पोरं हार्डनर वाढवतात, कोबाल्टही (रेझिन लवकर थिजवणारं ॲक्सलरेटर) जरा जास्त टाकतात. चालेल का?

जुना मेंटेनन्सवाला (चिंचवड)

हार्डनर दोन टक्क्यांच्या वर नको, आणि रेझिनवाल्याच्या डेटाशीटपलीकडे तर मुळीच नको. कोबाल्ट आणि हार्डनर थेट एकत्र आले तर भडका उडतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचं, मगच हार्डनर, आणि दोन्हींचे मग वेगळे, वेगळ्या रंगाचे. हे पोरांना तोंडी नको, भिंतीवर लिहून लावा.

एसीवाल्याशी बोलताना वाहतूक कोणाची, डक्टचं काम भाड्यात आहे का, बंद पडला तर बदली मशीन किती तासांत, हे कागदावर घ्या. जीएसटीचं बिल मागा, क्रेडिट मिळेल.

जेलकोटवाला

थर्मोस्टॅट कितीवर ठेवू?

जुना मेंटेनन्सवाला (चिंचवड)

२५. जाड जॉब असेल तर त्याहून वर नकोच, स्वतःच्या उष्णतेने तडा जातो. आणि बारकोल मीटर (माल किती कडक झाला ते मोजणारा) घेऊन ठेवा. पुढच्या लॉटबरोबर रीडिंग पाठवलंत तर डेबिट नोट लिहिणाऱ्याला आधी दोनदा विचार करावा लागेल.