मदत हवी आहे: वटवाघळांच्या पंखांवरचे माइट्स

नमस्कार मंडळी. गुहागरकडे एका पडक्या वाड्याच्या माळ्यावर फळं खाणाऱ्या रूसेटस वटवाघळांची वसाहत आहे. मी लांबूनच, झूम लावून फोटो काढतो. एका मादीने पंख ताणला तेव्हा पंखाच्या पातळ पडद्यावर शिरांच्या कडेने चपटे, तपकिरी, खेकड्यासारखे जीव दिसले. पाय जाडजूड, आठ. हे स्पिंटर्निसिड माइट्स, म्हणजे वटवाघळांच्या पंखांवर राहणारे गोचिडीसारखे बारीक परजीवी, असावेत. दुसऱ्या फोटोत मानेच्या केसांत सहा पायांचं, कोळ्यासारखं काहीतरी आहे. ती बहुतेक बिनपंखी वटवाघूळमाशी.

माझा प्रश्न माइट्सचा. हे आयुष्यभर वटवाघळाच्या अंगावरच राहतात, अंडी बाहेर घालत नाहीत, पिल्लंच जन्माला येतात. म्हणजे पसरायला अंगाला अंग लागायला हवं. माशी मात्र अळी भिंतीवर सोडून परत येते. मग दाटीवाटीने लटकणाऱ्या माद्यांवर माइट्स जास्त आणि कडेच्या एकट्या नरांवर कमी, असं फोटोंवरून दाखवता येईल का? की गाभण आणि दूध पाजणाऱ्या माद्यांवर ते तसेही वाढतात, म्हणून हंगाम वेगळा धरावा लागेल?

ॲन्सिस्ट्रोपस हा या माइट्समधला प्रकार डोळ्यांच्या कडांना चिकटतो. तो फोटोत ओळखता आलाय का कुणाला? दापोली, मालवणकडच्यांनी जरूर सांगा.

पकडून बघा असं कृपया सुचवू नका. महाबळेश्वरच्या गुहेतल्या याच गटातल्या वटवाघळांत निपा विषाणूच्या खुणा सापडल्याचं २०२१ मध्ये प्रसिद्ध झालंय, आणि घरचे आधीच वैतागलेत.