आत्याची पेन्शन अडकलीय, मदत हवी आहे (इंदूर)

रामबागी_निलेश: आत्याच्या पेन्शनचा अर्ज परत नामंजूर. साठी केव्हाच उलटलीय, कमाई शून्य. नगर निगमच्या झोन ऑफिसवर गेलो की ‘समग्र में प्रॉब्लेम है’ (समग्र म्हणजे इथली सरकारी कुटुंब-नोंद) म्हणतात आणि पुढच्याला हाक मारतात. इथली पद्धत कुणाला माहीत असेल तर लवकर सांगा. उगाच ‘धीर धरा’ नको.

कोथरूडकर: तहसीलमध्ये श्रावणबाळचा अर्ज द्या. उत्पन्नाचा दाखला मात्र २१ हजारांच्या आतला हवा.

सराफ्यातली_जिलबी: काका, श्रावणबाळ महाराष्ट्राची. इंदूर अजून तरी मध्य प्रदेशात आहे. निलेश, अर्ज कुठल्या योजनेत? बीपीएल आहे का? समग्र आयडी कुणाच्या कुटुंबात?

रामबागी_निलेश: वृद्धावस्थेतच केला, आणखी कशात करणार? आत्या आमच्याकडेच असते, आमच्याच समग्रमध्ये नाव आहे. बीपीएल कुठलं, मी नोकरी करतो.

रिटायर्ड_बाबू: मग गाडं तिथेच अडलं. त्या पेन्शनला वय ६० आणि घर बीपीएल, दोन्ही लागतं. आत्याला वेगळं काढा, नवीन परिवार आयडी करा, मग बीपीएलला अर्ज करा.

सराफ्यातली_जिलबी: बाबूजी, एका चुलीवर जेवायचं आणि कागदावर वेगळं राहायचं? चौकशीला आले म्हणजे? निलेश, आत्याचे यजमान?

रामबागी_निलेश: जाऊन बरीच वर्षं झाली. त्याचा काय संबंध?

सराफ्यातली_जिलबी: अहो, हे आधी नाही का सांगायचं! कल्याणी पेन्शनचा, म्हणजे इथल्या विधवा पेन्शनचा, अर्ज भरा. वय १८ च्या वर, बीपीएलची अट नाही. आयकर भरत नसावी, परिवार पेन्शन मिळत नसावी. रक्कम तीच, महिना ६००.

एसआयपी_गुरू: ६०० मध्ये काय होतं? अटल पेन्शन काढली असती तर ६० नंतर ५००० पर्यंत मिळाले असते.

सराफ्यातली_जिलबी: अटल आली २०१५ ला, वयाची अट १८ ते ४०. आत्या काय तेव्हा कॉलेजात होत्या?

गिरणगाव_इंदूर: यजमान कुठे होते कामाला?

रामबागी_निलेश: हुकुमचंद मिल.

गिरणगाव_इंदूर: मग थकबाकी घेतली का? मिल १९९१ ला बंद पडली, पैशांचा निकाल लागला २०२३ च्या डिसेंबरात. २२४ कोटी. वारसांचाही हक्क होता.

रिटायर्ड_बाबू: पीएफची विधवा पेन्शनही बघा. ती चालू असेल तर कल्याणी विसरा.

गिरणगाव_इंदूर: ईपीएस, म्हणजे पीएफची पेन्शन, आली १९९५ ला, मिल तोवर बंद. कुठली पेन्शन?

रिटायर्ड_बाबू: त्याआधी १९७१ ची फॅमिली पेन्शन होती, साहेब. अर्धवट माहिती देऊ नका.

रामबागी_निलेश: पेन्शन एक पैसा येत नाही. मिलचं नंतर बघू हो! आत्ता समग्रचा प्रिंट काढला. आत्याच्या नावापुढे ‘वैवाहिक स्थिति: विवाहित’.

सराफ्यातली_जिलबी: सापडलं! हे असंच राहिलं तर कल्याणीचा अर्जही परत येईल. मृत्यू प्रमाणपत्र लावून आधी ते बदला, मग ई-केवायसी. आधारवरचं नाव आणि समग्रवरचं नाव काना-मात्रेसकट जुळवून घ्या. बँकेत जाऊन डीबीटी, म्हणजे सरकारी पैसे थेट खात्यात जमा होण्याची सोय, चालू आहे का तेही विचारा.

रिटायर्ड_बाबू: खात्याला आधार जोडलेलं असलं की झालं, डीबीटी वेगळं काही नसतं.

सराफ्यातली_जिलबी: असतं! माझ्या सासूबाईंच्या दोन्ही बँकांत आधार जोडलेलं. पैसे येत होते जुन्या खात्यात आणि आम्ही पासबुक भरून घेत होतो दुसऱ्याचं.

रामबागी_निलेश: मृत्यू देवासला झाला होता, घरी प्रमाणपत्र नाही. इथल्या झोनवर मिळेल?

सराफ्यातली_जिलबी: नाही. मृत्यू जिथे झाला, नोंद तिथली. देवास नगर निगम. तेव्हा नोंदच केली नसेल तर मात्र वेगळी कटकट. तारीख पाठ आहे ना?

रामबागी_निलेश: आत्याला तिथी पाठ आहे. तारीख काढतो. शनिवारी उघडं असतं का?

कोथरूडकर: देवासला जाताच आहात तर टेकडीवर जाऊन या. वर तुळजाभवानी आहे, चामुंडाही आहे. आता रोपवे आहे, आत्यांनाही न्या.